गोड शेंगांचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत येड्या बाभळीच्या शेंगा पिवळ्या पडतात. ऊन वर आलं की त्या गळायला लागतात आणि शेजारच्या रमजानबीच्या शेळ्या तिथं जाऊन उभ्या राहतात. शेळीनं वाळकी शेंग दाढेखाली घेतली की एक आवाज होतो. तो मोठा नसतो. ज्यानं जन्म शेळ्यामेंढ्यांच्या मागं काढला त्यालाच तो भिंतीपलीकडून कळतो. मी खाटेवर पडलेला असतो, पण तो आवाज आला की मला पडवत नाही. उठतो आणि काठी आपटत त्यांना हाकलतो.

"खाने दो ना चाचा," रमजानबी दारातून म्हणते. "फुकट का चारा है. तुमारा क्या जाता?"

माझं काय गेलं ते तिला सांगायचं तर संध्याकाळ होईल. सून म्हणते, आबा, उभा जन्म शेळ्या राखल्या आणि आता शेळ्यांवरच राग? शेळीचा राग मला कधीच आला नाही. राग त्या झाडाचा आहे. आणि झाडाचा म्हणताना एका माणसाचाही आहे. दोन्ही राग मी एकाच उन्हाळ्यात धरले. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून तेव्हा चार-पाच पावसाळे झाले होते. ते राग अजून सोडलेले नाहीत. सोडावेत असं मला कुणी पटवूनही दिलेलं नाही.

शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही मेंढरं गावाजवळ असायची तेवढेच दिवस. त्यामुळं सजवून लिहायला मला येत नाही. जसं होतं तसं लिहितो.

आमचं गाव सांगोल्याच्या अंगाला, उघड्या माळावर. थंडी सरली की तिथं गवताची काडी राहायची नाही. मग मेंढरं, चार शेळ्या, घोड्यावर बिऱ्हाड, असं सगळं घेऊन आम्ही भीमेकडच्या काळ्या रानात उतरायचो. तिकडं तोवर जोंधळे निघालेले असायचे. रानं मोकळी, धाटांचे बुडखे तेवढे उभे. आणि रानवाले आमची वाट बघत असायचे, कारण आमची मेंढरं रात्री त्यांच्या रानात बसायची. वाघूर म्हणजे आमची जाळी. ती खुंट्यांवर चौकोनी ताणायची, आत मेंढरं घालायची. सकाळी उठून बघावं तर तेवढा चौकोन लेंड्यांनी काळा झालेला. दुसऱ्या दिवशी वाघूर पुढं सरकवायची. असं करत करत सगळं रान बसून काढायचं. ज्या रानात मेंढरं बसली त्या रानातलं कणीस पुढल्या वर्षी हातात मावायचं नाही. त्या बदल्यात रानवाला आम्हाला जोंधळे द्यायचा, मेंढरांना विहिरीचं पाणी आणि बांधावरचा पाला. लिहून कुणी काही घेतलं नव्हतं. रानाला मेंढरू लागायचं, मेंढराला रान लागायचं, मधे आम्ही माणसं उगाच मोठेपणा मिरवायचो.

सदाअण्णाच्या रानात माझा बाप मेंढरं बसवायचा, त्याच्या मागं मी. वयानं सदाअण्णा आणि मी बरोबरीचे. पण तो रानवाला, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो, तुमी म्हणायचो, आणि तो मला म्हाकू म्हणायचा. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या उन्हाळ्यापर्यंत.

त्याच्या बांधावर देशी बाभळींची रांग होती. आता देशी बाभळ म्हणून वेगळं सांगावं लागतं. तेव्हा बाभळ म्हटलं की तीच. तिची शेंग पांढुरकी, मण्यांची माळ ओवल्यासारखी, दाण्यादाण्याला आवळलेली. चैत्र-वैशाखात मी लांब आकडी घेऊन फांद्या झाडायचो आणि शेळ्या खाली माना वर करून उभ्या असायच्या. शेंगेला गोडी अशी नाही, तुरटच, पण ती खाऊन शेळीला दूध यायचं. रात्री वाघरीत बसून शेळ्या रवंथ करायच्या आणि तोंडातून बी बाहेर टाकायच्या. अंधारात ते टपटप पडताना ऐकू यायचं. सकाळी जिथं शेळी बसली होती तिथं मूठभर बी, चकचकीत.

सदाअण्णाचा म्हातारा बाप ते बी ओटीत गोळा करायचा. झाडाखाली पडलेलं बी त्याला नको असायचं. त्याची साल दगडासारखी, चार-चार पावसाळे मातीत पडून राहील पण उगवणार नाही. शेळीच्या पोटात भिजून आलेलं बी मात्र मिरगात टोचलं की वर यायचं. म्हातारा म्हणायचा, "तुमच्या शेळ्यांनीच माजा बांध लावला, बाबांनो." आणि ते खरं होतं. त्या रांगेतलं एकेक झाड कुठल्या तरी शेळीच्या तोंडातून आलेलं. त्याच्या पाल्यावर, शेंगांवर, डिंकावर शेळ्या जगायच्या आणि शेळ्यांवर झाडाची पिढी पुढं जायची. सदाअण्णाचा नांगर, कुळव, बैलगाडीचा कणा, माझी काठी, सगळं त्याच लाकडाचं. बांधालगतचं जोंधळ्याचं तास, म्हणजे कडेची ओळ, तिच्या सावलीनं थोडं बुटकं राहायचं, एवढंच काय ते नुकसान. त्याबद्दल बाभळीला कुणी बोल लावला नाही.

बहात्तरला आम्ही मेंढरं घेऊन पार कर्नाटकात गेलो. कृष्णेच्या पलीकडं, जिकडं चारा ऐकू आला तिकडं. परत आलो तेव्हा खांडवं, म्हणजे आमचा सगळा कळप, निम्मं उरलं होतं. माळावर कोकरू चालता चालता बसायचं आणि पुन्हा उठायचं नाही. ते सगळं लिहीत बसत नाही. सदाअण्णाच्या बांधावर आलो आणि क्षणभर वाट चुकलो असं वाटलं. बांध उघडा. पहिल्यांदा पाला बैलांना गेला, मग फांद्या, मग खोडं जळणाला शहरात. त्यानं ते हौसेनं केलं नाही, हे मला कळतं. त्याचाही एक बैल त्यात गेला.

बांधावर बोटभर उंचीची रोपं मात्र लावलेली होती, घागरीनं पाणी घालून. दुष्काळी कामावर कुणी तरी बी वाटलं होतं म्हणे.

"इलायती बाभळ हाय," सदाअण्णा म्हणाला. "पानी मागत न्हाई, राखन मागत न्हाई. दोन वर्सात बांधाला कुंपन."

तिलाच पुढं सगळे येडी बाभळ म्हणायला लागले. मी एक पान तोडून मोरीपुढं धरलं. मोरी म्हणजे माझी म्होरकी शेळी, सगळं खांडवं तिच्या मागं चालायचं. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"अण्णा, शेळी खात न्हाई ते झाड लावून काय करायचं?"

"खात न्हाई म्हनून तर लावायचं," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

झाड मात्र शेळीला विसरलं नव्हतं. पाला त्यानं कडू ठेवला आणि शेंग गोड केली. पुढं दोन-तीन वर्षांत बांध हिरवाकंच झाला आणि शेंगा लागल्या, पिवळ्या, वाकड्या, पोरांनीसुद्धा चघळाव्यात अशा. त्या वर्षी सदाअण्णा आम्हाला वाटेवर घ्यायला आला होता. माझ्या बायकोला, हौसाला, म्हणाला, "वैनी, औंदा मेंढरं गुटगुटीत हुत्यात बगा. गूळ हाय निस्ता." स्वतः पोती भरून शेंगा आणून त्यानं वाघरीपुढं ओतल्या. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली. हौसा तेव्हाच म्हणाली, "लई गोड हाय. इतकं गोड कोन फुकट देतंय?" तिच्या बोलण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. त्या साली सदाअण्णाकडं एकच बैल, शेजाऱ्याशी सावड करून त्यानं वरचं रान तेवढं पेरलं. खालचं रान मेंढरं बसूनही पडीक राहिलं.

आणि मग तो उन्हाळा.

मला त्या दिवसाचं ऊन आठवतं. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, त्यात मेंढराचा खूर अडकेल एवढ्या. हवेला वाळलेल्या धाटांचा वास. मेंढरं वाट ओळखून आपोआप बांधाकडं वळली, मोरी पुढं. सदाअण्णा बांधावर उभा होता, हातात कुऱ्हाड आणि एका पायाला चिंधी बांधलेली. येड्या बाभळीचा काटा भरलेला पाय चिघळतो. त्याचा तर नडगीपर्यंत सुजला होता.

"म्हाकू, वाघूर सोडू नगंस."

"का? वरच्या रानापासनं धरायचं का?"

"कुटंच न्हाई. औंदा मेंढरं बसवायची न्हाईत."

मला वाटलं थट्टा करतोय. "का, युरिया आनला का काय?"

"खाली बग की जरा."

मी बघितलं. खालच्या रानात गुडघ्याएवढी येडी बाभळ उभी होती. सगळीकडं नव्हती. चौकोन चौकोन होते. आदल्या उन्हाळ्यात जिथं जिथं मी वाघूर ताणली होती तिथं तिथं दाट, आणि मधल्या पट्ट्यात विरळ. कुठल्या रात्री मेंढरं कुठं बसली ते रान मला दाखवत होतं. कुणी आखून दिल्यासारखं.

"हे तुज्या मेंढरांनी पेरलंय," तो म्हणाला.

"आन मेंढरांनी बी कुटनं आनलं? सांगोल्यासनं?"

"माजं झाड बांधावर हाय. बांधावर व्हतं तवर बरं व्हतं. आत कुनी आनलं?"

"पोती भरून तुमी वतली. खाऊ द्या म्हनलासा."

"खाऊ द्या म्हनलो. पेरा म्हनलो व्हय?"

हौसा घोड्याचा दोर धरून मागं उभी होती. ती म्हणाली, "अण्णा, मेंढराला चारायचं आन वर लेंडी टाकू नगं म्हनून सांगायचं, आमची मेंढरं एवडी शिकल्याली न्हाईत."

सदाअण्णाची बायको बांधाआड जळण वेचत होती, ती फिसकन हसली. सदाअण्णा हसला नाही. मला वाटतं तिथंच ते बिघडलं. बायकोसमोर माणूस हरू शकत नाही. मीही माझ्या बायकोसमोर उभा होतो.

त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं की मेंढरांनी त्याचं रान घालवलं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की झाड त्यानं लावलं. दोन शब्दांचं काम. कुणीही एकानं बोलायला हवं होतं आणि दुसऱ्यानं आपोआप बोललं असतं. पहिलं कोण, एवढाच प्रश्न.

आम्ही ओढ्याच्या कडेला बिऱ्हाड टाकलं. दिवस कलताना सदाअण्णा लंगडत आला. चहाची किटली आणली होती, हे मी कबूल करतो. उकिडवा बसला आणि मातीकडं बघत म्हणाला, "हे बग म्हाकू. पाच-सहा दिस हितंच ओढ्याला ऱ्हा. शेंग दिऊ नगं. वैरन मी देतो. पोटं साफ झाली की आन मेंढरं आत. म्हंजी झालं."

आज कुणी ऐकलं तर म्हणेल, शहाण्या माणसाचं बोलणं. पण माझ्या कानाला ते कसं लागलं ते मलाच माहीत. माझ्या आज्यापासून त्या रानात मेंढरं पाय न पुसता जात होती. त्यांची लेंडी म्हणजे त्या घराची भाकरी होती. आता त्यांनी वेशीबाहेर थांबून पोटं धुऊन यायचं.

"म्हंजी माज्या मेंढरांनी सुतक पाळायचं?" मी म्हणालो.

"सुतक काय त्यात?"

"मंग पयलं ते झाड तोडा. मी उद्या मेंढरं आत घेतो."

"तोडून तुटतंय व्हय ते? तीनदा तोडलं. एकाची धा फुटतंय." त्यानं चिंधीचा पाय पुढं केला. "हे काय हौसंनं झालं?"

"मंग लावलं कुनी?"

तो उठला. किटली तिथंच राहिली. पोराला पाठवून सकाळी ती नेली.

हौसा म्हणाली, "पाच दिस बसल्यानं काय पाय मोडत्यात का तुमचं? मेंढरांस्नी पानी हाय, वैरन देतो म्हनतोय." मी वाघूर घोड्यावर चढवली. आजही विचारलं तर मी तेच करीन. माझी चूक नव्हती ती माझी म्हणून मी पाच दिवस बाहेर बसणार नाही.

पण रानं मिळेनात. गोष्ट आमच्या पुढं पुढं चालत गेली होती. मेंढरांच्या पोटात येडी बाभळ आहे, बसवू नका. ज्यांच्या बांधावर तेच झाड होतं तेसुद्धा असं म्हणायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही रस्त्याच्या कडेनं, कॅनॉलच्या कडेनं हिंडलो, आणि कडेला दुसरं होतं काय. तेच झाड. रोज तीच शेंग. देशी बाभळ असती तर शेळी चार शेंगा खाते, दोन घास पाला खाते, बुंध्याची साल ओरबाडते, खालचं गवत खाते. या झाडाखाली गवत नाही. पाला खाववत नाही. नुसती गोडी.

वैशाख सरता सरता मोरीचा खालचा जबडा एका बाजूला गेला. रवंथ करताना घास गळायचा, लाळ लोंबायची. तिचं तिला कळत नसे. घास गळाला की ती खाली बघायची, कुणाचं पडलं म्हणून. ज्या शेळीनं आयुष्यभर रवंथ करता करता बाभळीचं बी नेमकं वेगळं काढून टाकलं, तिला आता तोंडातला घास सांभाळता येईना. आधी तिच्या मागची दोन-तीन मेंढरं तशी झाली, मग आणखी. मोरीला मी बाजारात नेली नाही. कॅनॉलच्या भरावाखाली पुरली.

तेव्हापासून मी याचा विचार केला आहे. शिकलेली माणसं म्हणतात, झाड आणि जनावर यांचं निसर्गानं जुळवलेलं असतं. असेल. पण जुळवलेलं कायम राहतं असं कुणी सांगितलं? मोरीनं तिचं काम चोख केलं. शेंग खाल्ली, बी पोहोचवलं. तिच्या आईनं, आजीनं केलं तेच. समोरचं झाड बदललंय हे तिला कुणी सांगितलं नाही. जुन्या झाडानं शेळीकडून घेतलं आणि सावली, गवत, पाला, लाकूड असं सगळ्यांना वाटलं. नव्या झाडानं शेळीला नुसती गोडी दाखवली आणि तिच्या पायांनी सगळा मुलूख चालून घेतला. शेळीच्याच जिवावर वाढलं आणि शेळीचंच तोंड वाकडं केलं. रानाचं आणि मेंढरांचंही तसंच. रानाला युरियाचं पोतं मिळालं, मग मेंढरू कशाला? कुणी भांडलं नाही, कुणी सोडचिठ्ठी दिली नाही. एकाची गरज संपली आणि दुसऱ्याची राहिली. सगळ्यात वाईट ते हेच. गरज दोघांची एकदम संपती तर बरं झालं असतं.

पुढची दहा-बारा वर्षं मी ताठ्यात काढली. अकलूजकडं कॅनॉलचं पाणी, ऊस. तिकडं मेंढराला बघून माणसं दगड उचलायची. इकडं माळावर येड्या बाभळीनं वाटा बंद केल्या. देशी बाभळ बघायची तर एखाद्या देवळामागं. थोरला लेक सोलापुरात गॅरेजात लागला, धाकटा त्याच्या मागं. शेवटचं खांडवं विकलं त्या दिवशी हौसा रडली आणि मी नाही. काठी तेवढी ठेवली आणि आम्ही दोघं सोलापुरात लेकाकडं राहायला आलो.

या सगळ्यात सदाअण्णाच्या रानाकडं मी पाय टाकला नाही. वाटेनं जाताना एसटीच्या खिडकीतूनही त्या बाजूला बघितलं नाही.

परवा लेकानं मला डोळे दाखवायला इथल्या सात रस्ता चौकात नेलं. त्याला मधेच कुणी तरी भेटलं, मी एका दुकानाच्या पायरीवर सावलीला बसलो. शेजारी एक म्हातारा बसला होता, डोळ्याला हिरवी पट्टी, मांडीवर औषधांची पिशवी. माझ्या काठीकडं वाकून वाकून बघत होता.

"बाभळीची हाय न्हवं?" तो म्हणाला.

आवाज ऐकला आणि मी ओळखलं. त्याला एकाच डोळ्यानं दिसत होतं, तरी त्यानंही ओळखलं. आम्ही दोघंही रस्त्याकडं बघत बसलो. रिक्षा, टेम्पो, कुणाची तरी लग्नाची बँड पार्टी नुसतीच चालत निघालेली, वाजवत नव्हती.

"हौसावैनी बरी हाय?"

"बरी हाय. तुमच्या घरात?"

"गेली. दोन वर्सं झाली."

मग तो रानाचं सांगत राहिला. खालचं रान कोळसा पाडणाऱ्यांना दिलं होतं, त्यांनी येडी बाभळ तोडून नेली, ती पुन्हा आली. गेल्या साली मशीन आणून मुळासकट काढली. वरच्या रानात खत घालून घालून माती अशी झाली आहे की ढेकूळ फुटत नाही, पाणी वरच्या वर वाहून जातं.

"आता माजं काय ऱ्हायलंय," तो म्हणाला. "पन डोळं मिटायच्या आदी एकदा त्या रानात मेंढरं बसलेली बगायची हायेत. दुसऱ्याची नगंत. तुजी." त्यानं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "या उन्हाळ्यात ये, म्हाकू. पोटं साफ करून या म्हनत न्हाई कुनाला."

इतक्या वर्षांत मला जे ऐकायचं होतं ते असं ऐकू आलं. एवढ्याच शब्दांत. मी त्याचं तोंड बघितलं. खांडवं विकल्याचं त्याला माहीत नव्हतं. माझं खांडवं अजून माळावर आहे, मी अजून पुढं काठी घेऊन चालतो, अशा नजरेनं तो माझ्याकडं बघत होता. त्या नजरेपुढं मला खरं बोलवेना.

"येतो की," मी म्हणालो.

"व्हय?"

"चैत सरला की येतो."

त्याचा पोरगा रिक्षा घेऊन आला. चढताना सदाअण्णानं माझा खांदा धरला, आधाराला म्हणून.

घरी येऊन मी हौसाला सांगितलं. तिनं तांदूळ निवडत ऐकून घेतलं.

"येतो म्हनलासा," ती म्हणाली. "आन काय घिऊन जानार?"

मी हात धुतले आणि जेवायला वाढ म्हणालो.